पॉझिटिव्ह थिंकिंगच्या नानाची टांग

डिस्क्लेमर: मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, सायकलिंगचा कोच तर अजिबातच नाही. आठवड्याचे पाच दिवस हापिसात जावा बडवतो आणि शनिवार-रविवार सायकल. तेव्हा पुढचं सगळं ज्याने-त्याने आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

तर झालं असं, की गेल्या सोमवारी आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नव्या मुलाने लिहिलं, "दोन आठवडे झाले, सायकल बाहेर काढायची इच्छाच होत नाहीये. चढ आला की डोक्यात एकच सुरू होतं, तुला नाही जमणार. काय करू?" अशा ग्रुपवर, जिथे लोक नाश्त्याआधी शंभर किलोमीटर मारून आल्याचे फोटो टाकतात, तिथे हे लिहायला बरीच हिंमत लागते. बिचाऱ्याने तीनदा टाईप करून खोडलं असणार.

पाच मिनिटांत बावीस उत्तरं आली. मी मोजली. "थिंक पॉझिटिव्ह!!" "नेव्हर गिव्ह अप ब्रो." "पेन इज टेम्पररी." "सगळं मनावर असतं." एकाने सूर्योदयाचा फोटो टाकला, तिघांनी फुगवलेला दंड. मुलगा "थँक्यू सर" म्हणाला आणि गप्प झाला. शनिवारच्या राईडला आला नाही.

मीही त्या बावीस जणांत नव्हतो म्हणून फार मोठा शहाणा ठरत नाही, कारण मी काहीच लिहिलं नाही. पण तेव्हापासून डोकं जे सटकलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. कारण हे बावीस सल्ले मी स्वतः गिळून बघितले आहेत. त्यातल्या काहींनी काहीच फरक पडला नाही आणि एकाने मला थेट सलाईनपर्यंत पोचवलं. कसं, ते सांगतो.

अजून इथंच?

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. आम्ही बारा जण सिंहगडाला निघालो. गोळेवाडीपासून वरच्या गाडीतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा सलग चढ. ज्यांनी तो फक्त बाईकवरून पाहिलाय त्यांना तो रस्ता वाटतो. सायकलवाल्याला ती भिंत वाटते. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच माझी नवी कोरी हायब्रिड (बेचाळीस हजार, ईएमआयवर) आणि मी असे दोघेच उरलो. बाकीचे वळणावळणाने दिसेनासे झाले. मी थांबत, ढकलत, परत चढत निम्म्याच्या थोडा पुढे पोचलो असेन, तेवढ्यात ते सगळे वरती पिठलं-भाकरी हाणून खाली उतरत समोरून आले. त्यातला एक जण हसत ओरडला, "अरे, अजून इथंच?"

त्याच्या मनात काही नव्हतं. दहा मिनिटांत तो विसरलाही असेल. मी मात्र तिथूनच सायकल वळवली.

घरी आलो तर फोनमधल्या अ‍ॅपने त्या चढावर माझा नंबर कितवा ते न विचारता सांगितलं. चार आकडी होता. पुढच्या शनिवारी अलार्म वाजला आणि त्याच्यापाठोपाठ आतून आवाज आला: अजून इथंच? झोपलो. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग गंमत अशी झाली की त्या आवाजाला सायकल पुरेना. अप्रेझल झालं: तुझ्याबरोबरचे लीड झाले, तू अजून इथंच? कॉलेजच्या मित्राने सिअ‍ॅटलहून नव्या घराचे फोटो पाठवले: तू अजून इथंच? कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा फ्लॅट झाला, सगळीकडे एकच पट्टी. एका सिंहगडाचा निकाल अख्ख्या आयुष्याला लावून टाकला.

नोव्हेंबर ते जून सायकल गॅलरीत उभी. आई महिनाभर राहायला आली होती, तिने शांतपणे हँडलवर टॉवेल वाळत घालत विचारलं, "काय रे, ह्या स्टँडला केवढे मोजलेस म्हणालास?"

मग मी पॉझिटिव्ह झालो

जूनमध्ये मी ठरवलं की बास. पुस्तकं आणली, व्हिडिओ बघितले, आरशावर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. नकारात्मक विचार आला की तो "डिलीट" करायचा, असं एका व्हिडिओतल्या कोटवाल्याने सांगितलं होतं. सुरुवातीला बरं वाटलं, नाही असं नाही. पावसाळा, हिवाळा बरा गेला. मग एप्रिल आला.

बोपदेव घाट चढून सासवड, तिथून दिवे घाटाने परत, असा बेत होता. निघायलाच उशीर झाला. सासवडला मिसळ खाऊन उठलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दोन्ही बाटल्या संपत आलेल्या. डोकं दुखायला लागलं. आतला आवाज म्हणाला, "तुझ्याच्याने आज होत नाहीये, थांब." मी म्हणालो, डिलीट. मळमळायला लागलं. डिलीट. दिवे घाट उतरून वडकीच्या आसपास पोचलो तर भर एप्रिलच्या दुपारी मला थंडी वाजत होती आणि अंगावर काटा. "माईंड ओव्हर मॅटर," असं मी स्वतःला मोठ्याने सांगितल्याचं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते रसवंतीगृहाचं बाकडं आणि डोक्यावर पाणी ओतणारा रसवाला.

हॉस्पिटलात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, "त्रास होतोय हे तुम्हाला कळत नव्हतं का?"

मी खरं ते सांगितलं. "कळत होतं. पण निगेटिव्ह विचार करायचा नाही असं ठरवलं होतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा "अजून इथंच?" परवडलं.

निकाल आणि माहिती

सांगायचा मुद्दा असा, की "नकारात्मक विचार करू नका" हा सल्ला देणारे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. सिंहगडावरचा "तुला नाही जमणार" आणि दिवे घाटातला "थांब, होत नाहीये" हे दोन्ही ऐकायला सारखेच नकारात्मक. पण एक निकाल आहे आणि दुसरी माहिती. निकाल माणसाविषयी असतो: तू बेकार, तू आळशी, तू कायमचा मागे. माहिती परिस्थितीविषयी असते: पाणी संपलंय, गिअर जड आहे, रात्री दीडला झोपलास, ऊन वाढलंय.

हापिसातल्या भाषेत सांगतो. चांगला टेस्टर बग टाकतो तेव्हा लिहितो, अमुक स्क्रीनवर तमुक बटण दाबलं की हे फाटतं. त्याच्यावर काम करता येतं. आणि एखादा नुसताच लिहितो, "सॉफ्टवेअर भंगार आहे." त्याचं काय करणार, कप्पाळ? ते तिकीट "माहिती अपुरी" म्हणून बंद करायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि "नाही नाही, आमचं सॉफ्टवेअर जगात भारी आहे!" असं उत्तर तर मुळीच लिहायचं नाही.

पॉझिटिव्ह थिंकिंगवाले नेमकं हेच उत्तर लिहायला लावतात. "तू बेकार" ला उत्तर "मी जबरदस्त". म्हणजे निकालाला निकाल! कोर्ट तेच, आरोपी तोच, फक्त ह्यावेळी निर्दोष सुटका. पुढच्या चढावर परत तारीख लागतेच. आणि ह्या गडबडीत खरे बग, म्हणजे पाणी, झोप, ऊन, ते मात्र न वाचता डिलीट.

"पण सायन्स सांगतं की..."

हो, सांगतं. आता इथे मला प्रामाणिक राहायला हवं, कारण ग्रुपवरच्या एका दादांनी मागे मला ह्यावरूनच गप्प केलं होतं. २०१४ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चोवीस जणांना जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवून, ज्याच्या-त्याच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांवर, थकून थांबेपर्यंत पॅडल मारायला लावलं. मग त्यातल्या निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायचा सराव दिला. त्यांचा टिकण्याचा वेळ साधारण साडेदहा मिनिटांवरून साडेबारा मिनिटांवर गेला, म्हणजे १८ टक्के वाढ. बाकीच्यांचा तसा वाढला नाही. आणि तेवढ्याच मेहनतीला त्यांना कष्ट कमी वाटले.

म्हणजे स्वतःशी बोलण्याने फरक पडतो, हे मला एकदम मान्य. पण काय बोलायचं आणि कधी? त्या लोकांनी आपापली छोटी वाक्यं आधी निवडली होती, घोटली होती आणि ती हातातल्या कामापुरती होती. प्रयोगशाळेतले दहा-बारा मिनिटं होते ते. "मी विजेता आहे" असं आरशाला सांगून आयुष्य बदलतं, हा निष्कर्ष त्यात कुठेच नाही. आणि तहान लागली तरी दुर्लक्ष करा, असं तर नाहीच नाही.

मी आता चढावर जे बोलतो ते असं: खांदे सैल. गिअर खाली. पुढच्या खांबापर्यंत. बास. ह्यात ना स्तुती, ना शिव्या. शेजारी बसून कुणीतरी गाडी शिकवावी तसं.

आणि एक गोष्ट. स्वतःला नाव घेऊन हाक मारावी. हसू नका. इथन क्रॉस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २०१४ मध्येच दाखवलं, की ताणाच्या प्रसंगी "मी" म्हणण्याऐवजी जे स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलतात त्यांना थोडं लांबून बघता येतं आणि त्रास कमी होतो. मी वाचलं आणि मला हसू आलं. अहो, आमच्या देहूच्या वाण्याने अभंगामागून अभंग स्वतःचं नाव घेऊन संपवले, समर्थांनी २०५ मनाचे श्लोक मनालाच समोर बसवून लिहिले. आपल्याकडे मनाशी बोलायची पद्धत किती जुनी आहे बघा. आणि त्यात मनाची खरडपट्टीही आहे! नुसतं गोंजारणं नाही. आपण ते सोडून कोटवाल्याच्या नादी लागलो.

शेवटचा नंबर

आता त्या चार आकडी नंबराचं. नंबर ही माहिती आहे, आपण त्याचा निकाल करतो.

टूर द फ्रान्समध्ये एकूण वेळेत सगळ्यात शेवटी राहणाऱ्याला "लाल कंदील" म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावायच्या त्या कंदिलावरून. विम व्हॅन्सेव्हेनंट नावाचा बेल्जियन गडी २००६, २००७ आणि २००८ असा लागोपाठ तीनदा शेवटचा आला. निव्वळ नंबर बघितला तर म्हणाल, काय हे. पण तो होता मदतनीस. आपल्या टीमच्या म्होरक्यासाठी वारा कापायचा, बाटल्या आणून द्यायच्या आणि काम झालं की मागे पडायचं. त्याचा म्होरक्या कॅडेल इव्हान्स २००७ आणि २००८ मध्ये दुसरा आला. सांगा बरं, शेवटचा नंबर म्हणजे नक्की काय?

आणि ज्यांना आपण फार स्लो वाटतो त्यांनी ब्रेव्हे हा प्रकार बघावा. २०० किलोमीटर, साडेतेरा तास. भाकरी खाणं, पंक्चर काढणं, झाडाखाली आडवं होणं सगळं धरून. हिशोब केला तर ताशी पंधराच्या आत येतं. त्यात पहिला-दुसरा काढत नाहीत. वेळेत आलात, आलात. ह्या प्रकाराची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली. आता हौशी लोकांसाठी दर चार वर्षांनी होते, १२०० किलोमीटर, नव्वद तासांची मुदत. २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये. पुण्यातल्या पोरांना तिथे जायची स्वप्नं पडतात, आणि तिथेही नंबर काढत नाहीत! मग खडकवासल्याला जाऊन यायला नंबर कशाला हवा?

आठची शिफ्ट

आता राहिला मुद्दा इच्छेचा. "मोटिव्हेशनच नाहीये."

माझ्या बाबांनी बावीस वर्षं रोज सात किलोमीटर जाऊन आणि सात येऊन सायकलने नोकरी केली. सीटच्या पुढच्या दांडीवर मी. मी त्या गॅलरीतल्या काळात त्यांना फोनवर विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला कंटाळा यायचा नाही का हो?"

"यायचा की."

"मग?"

"मग काय? आठची शिफ्ट असायची."

फोन ठेवल्यावर आधी मला राग आला. म्हटलं, ह्यांना पोटासाठी जावं लागायचं, माझी हौस आहे, तुलना कशी होणार? पण नंतर उमजलं, की त्यांनी कंटाळा नाकारला नव्हता आणि तो जायची वाटही बघितली नव्हती. कंटाळा आणि सायकल दोघं एकदमच निघायचे. आपण उलटं करतो. आधी इच्छा व्हावी, मग उठू. इच्छा महाराणी उगवत नाहीत आणि आपण अंथरुणात त्यावरून स्वतःला आळशी ठरवतो. पुन्हा निकाल!

माझा अनुभव असा, की इच्छा बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला येते. हापिसात कोडचंही तेच. एडिटर उघडून पहिली फडतूस ओळ लिहिली की मग पुढचं सुचतं.

म्हणून मी स्वतःची आठची शिफ्ट करून घेतली. पीटर गोल्विट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं, की "मी व्यायाम करीन" असा मोघम संकल्प सोडण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच बांधून ठेवावं. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले, आणि त्यात ही साधी युक्ती चांगली लागू पडलेली दिसली. आपण प्रोग्रामरना तर हे कळायला हवंच: इफ-देन आहे, दुसरं काय!

माझं इफ-देन असं. रात्रीच हवा भरायची, बाटल्या भरायच्या, कपडे खुर्चीवर. अलार्म वाजला की पाय जमिनीवर. आणि राजाराम पुलापर्यंत जायचंच. घरापासून दहा मिनिटं. तिथे पोचल्यावर परत फिरायची पूर्ण मुभा, कुणाला उत्तर द्यायचं नाही, स्वतःलाही नाही. पण निर्णय पुलावर घ्यायचा, अंथरुणात नाही. एक्सेल शीट ठेवलंय (हो, मी तसलाच आहे). गेल्या ४१ शनिवारांत ५ वेळा पुलावरून परत आलो. एकदा ताप निघाला, एकदा ढोपर दुखत होतं, तीनदा नुसता कंटाळा. उरलेले ३६ वेळा पुढे गेलो. त्यातल्या कित्येक पहाटे आतला आवाज चालूच होता. त्याला कॅरिअरवर बसवून नेला.

"म्हणजे आळशीपणाला परवानगीच की!" असं आमचे पेन-इज-टेम्पररी मित्र म्हणतील. तर त्यांना एवढंच: त्या ५ परत फिरलेल्या शनिवारांमुळेच ३६ झाले. परत फिरायची वाट बंद असती, तर मी पहिल्याच वाईट दिवशी सायकल गॅलरीत ठेवली असती. आधी तेच तर केलं होतं.

एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून. आतला आवाज सायकलपुरता न राहता आठवडेच्या आठवडे प्रत्येक गोष्टीवर निकाल देत असेल, झोप उडाली असेल, आवडीचं काहीच आवडेनासं झालं असेल, तर तो सायकलचा विषय नाही. पूल-बिल विसरा, डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. त्या आठ महिन्यांत मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. सूर्योदयाचे फोटो मात्र पुष्कळ मिळाले.

असो. काल रात्री त्या मुलाला फोन केला. पॉझिटिव्ह वगैरे काही बोललो नाही. विचारलं, "कुठल्या चढावर होतं असं? गिअर कुठला असतो? आदल्या रात्री झोपतोस किती?" तो आधी गोंधळला. मग अर्धा तास बोलला. त्याची सीट तीन बोटं खाली आहे असं मला त्याच्या बोलण्यावरून वाटतंय आणि रात्री एकपर्यंत त्याचे क्लायंट कॉल असतात. हे दोन बग आहेत. "तू बेकार" हे तिकीट बंद केलंय.

उद्या रविवार. सहा वाजता राजाराम पुलावर भेटायचं ठरलंय. पुढे जायचं की नाही, ते तिथे ठरेल. येतो का नाही माहीत नाही. मी जाणार आहे. आत्तापासूनच कंटाळा आलाय, पण टांग टाकायला कंटाळ्याची परवानगी लागत नाही.